गर्दी आणि श्रोते

आपले लिहिणे चार माणसांनी वाचावे असे ज्याला वाटत नाही, तो लेखक एकतर संत असावा किंवा खोटे बोलत असावा. तेव्हा फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांवर वाचक नि प्रेक्षक जमवण्याची जी विद्या आज घरोघर चालली आहे, तिच्याकडे पाहून नुसते नाक मुरडण्यात अर्थ नाही. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तो काही लोकांनी वाचू नये म्हणून नव्हे! वाचकासाठी खटपट सर्वांनीच केली. त्या खटपटीपायी लेखनाचे काय होते, एवढाच माझा प्रश्न आहे.

या विद्येचे नियम थोडेच आहेत. पहिल्या दोन-तीन क्षणांत माणूस खिळला पाहिजे. रोज काही ना काही समोर आले पाहिजे. शेवटी प्रश्न टाकून लोकांना बोलते केले पाहिजे. यात मुळात वाईट काही नाही. आपला कीर्तनकारही पेंगणाऱ्याला विनोदाने जागे करतोच. परंतु तो पूर्वरंगात आधी अभंग उलगडतो आणि मग उत्तररंगात आख्यान लावतो. श्रोता तोवर थांबेल, हा त्याचा विश्वास असतो. नव्या विद्येत हा विश्वासच उरलेला नाही. सगळेच आख्यान, आणि तेही ऐन युद्धापासून सुरू!

बिघडते ते इथे, आणि पहिल्याने बिघडते वाक्य. ‘हे वाचून तुमचे डोळे भरून येतील’ असे लिहिणारा, मजकुराने करायचे काम आधीच जाहीर करून मोकळा होतो. ‘सहमत असाल तर लाइक करा’ ही तर उघड याचना. अशी याचना करणारा मजकूर मागे सारण्याचे फेसबुकनेच डिसेंबर २०१७मध्ये जाहीर केले होते.

पण मोजणाऱ्याचा तराजू तरी कुठे सरळ होता? फेसबुकवर लाइकचा अंगठा आला २००९ साली. पुढे २०१७पासून रागाच्या चेहऱ्यासकट इतर भावमुद्रांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिले गेले. रागाचे वजन शून्यावर आले ते २०२०मध्ये. आणि कंपनीचे अंतर्गत कागद २०२१मध्ये बाहेर आले, तेव्हा हा हिशेब जगाला कळला. म्हणजे विचार करायला लावणाऱ्यापेक्षा चिडवणारा पुढे! मी मास्तर आहे. ज्या तासाला सर्वांत मोठा गलबला झाला तोच तास उत्तम झाला, असे आमच्यात कोणी म्हणत नाही. मागच्या बाकावरचा एखादा मुलगा काही न बोलता घरी जातो आणि रात्री तीच कविता पुन्हा उघडतो. त्याला मोजणारे यंत्र नाही.

याच माध्यमात याहून बरे काही घडत नाही, असे मात्र नव्हे. २०१६ साली अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी या रंगकर्मींची ‘कास्टिंग काउच’ ही मालिका ‘भाडिपा’ने यूट्यूबवर आणली. दूरचित्रवाणीच्या दाराशी न ताटकळता तिने मराठी प्रेक्षक मिळवला. दोघे स्वतःचीच थट्टा करत होते, भाषा रोजच्या बोलण्यातली होती, आणि प्रेक्षक विनोदामागे आला. विनोद प्रेक्षकामागे धावत सुटला नाही. माझ्या मते सारा फरक एवढाच.

नव्या लेखकांनी हे दार जरूर वापरावे. फक्त लिहायला बसताना आकडे शेजारी घेऊन बसू नये. गर्दी जमवता येते. श्रोता घडवावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. वाचकहो, या अंकातला एखादा लेख तुम्ही फराळ संपल्यावर, पाहुणे गेल्यावर पुन्हा काढून वाचलात, तर त्याची नोंद कुठल्याही आकड्यात होणार नाही. लेखकाने लिहायचे असते ते त्याच वाचकासाठी.