सौजन्याचे सुटे पैसे

शोपेनहाउअरची साळिंदरांची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. थंडीत ती ऊबेसाठी जवळ येतात, काटे टोचले की लांब सरकतात. शेवटी दोन्ही सोसवेल असं अंतर सापडतं. तीच त्याच्या मते सभ्यता. पुस्तक १८५१चं. गोष्ट झकास, पण अपुरी. आपल्याकडे निघताना माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. यात अंतर कुठंय? उलट पुन्हा येण्याची हमी आहे. भले ती खोटी असेल!

इथं कांट जास्त उपयोगी पडतो. १७९८च्या मानवशास्त्रावरच्या पुस्तकात तो शिष्टाचाराला सुटे पैसे म्हणतो. हे सोनं नव्हे, हे देणाऱ्यालाही माहीत असतं, घेणाऱ्यालाही. म्हणून फसवणूक नाही. आणि असं वागता वागता खरा सद्भाव रुजतो, असं त्याचं म्हणणं.

आता फोनवरचा तो गोड आवाज घ्या. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’ वीस मिनिटं हेच! शब्द नम्र, पण बोलणारं कुणी नाहीच. मग सद्भाव रुजायचा कुणात? नाणं चालायला दोन हात लागतात हो. सुट्ट्या पैशांवरून खेकसणारा रिक्षावाला निदान समोर असतो. त्याच्याशी भांडता येतं. आणि भांडून झाल्यावर ‘काका, सांभाळून उतरा’ असं तोच म्हणतो.