निर्यातीची शिस्त कुणी सोसली? : ‘हाउ एशिया वर्क्स’ वाचताना

मागच्या व्याख्यानानंतर जे प्रश्न आले, त्यांतला एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत अनेकांनी विचारला होता. दक्षिण कोरिया १९६० च्या सुमारास गरीब देशांतच गणला जायचा. मग तो मोटारी आणि जहाजं बनवून जगाला विकू लागला, आणि आपल्याला ते का जमलं नाही? या प्रश्नाचं उत्तर म्हणून एक पुस्तक वारंवार पुढे केलं जातं. जो स्टडवेल यांचं ‘हाउ एशिया वर्क्स’, २०१३ साली आलेलं. आज त्याच पुस्तकाची तपासणी करू. आधीच सांगून टाकतो, पुस्तक आम्हाला आवडलेलं आहे. पण आवडलेल्या पुस्तकाची हकिगत तेवढी लक्षात राहते आणि त्यातल्या गाळलेल्या जागा आपण विसरतो. म्हणून हे भांडण.

पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात असं. विकासाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली जमीन : कसणाऱ्याच्या हातात जमीन द्या, छोट्या कुटुंबाची शेती उभी करा, म्हणजे एकरी उत्पादन वाढेल आणि खेड्यात पैसा खेळेल. दुसरी कारखानदारी : शेतीतून बाहेर पडणाऱ्या माणसाला सामावून घेतील असे कारखाने काढा, त्यांना संरक्षण द्या, पण बदल्यात निर्यात करायला लावा. तिसरी पैसा : बँकांवर पकड ठेवा आणि कर्ज या दोन कामांकडेच वळवा. जपान, दक्षिण कोरिया आणि तैवान या तिन्ही पायऱ्या चढले. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया आणि फिलिपाइन्स अर्ध्यावर अडकले.

याचं महत्त्व समजण्यासाठी थोडं मागे जावं लागतं. १९९३ साली जागतिक बँकेने ‘पूर्व आशियाचा चमत्कार’ अशा अर्थाच्या नावाचा अहवाल काढला. त्यात जपान, कोरिया आणि तैवान यांच्याबरोबर हाँगकाँग, सिंगापूर, थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशिया असे आठ जण एकाच पंगतीला बसवले होते. चारच वर्षांनी, जुलै १९९७ मध्ये थायलंडचा बाट कोसळला आणि पंगत मोडली. कोरियालाही जबर मार बसला, पण तो काही वर्षांत उठून उभा राहिला. इंडोनेशियाला फार काळ लागला. म्हणजे बाहेरून सारखी दिसणारी वाढ आतून सारखी नव्हती. ‘आशिया’ नावाची एकच गोष्ट नाही, हे स्टडवेल ठासून सांगतात. हे त्यांचं पहिलं श्रेय.

आता पुस्तकाचा सर्वांत भरीव भाग घेऊ. तो म्हणजे दोन मोटार कंपन्यांची तुलना : कोरियाची ह्युंदाई आणि मलेशियाची प्रोटॉन.

ह्युंदाई मोटर १९६७ साली निघाली. संस्थापक चुंग जू-युंग हे मूळचे बांधकामवाले. सुरुवातीला ते फोर्डची कॉर्टिना जोडायचे. सुटे भाग बाहेरून आणायचे आणि इथे बोल्ट आवळायचे. आपल्याकडेही असे जोडकारखाने पुष्कळ होते. फरक पुढे पडला. ह्युंदाईने ब्रिटिश लेलँडमधले जॉर्ज टर्नबुल यांना नोकरीला ठेवलं, इटलीच्या जॉर्जेत्तो जुजारो यांच्याकडून गाडीचा आकार करून घेतला, इंजिनाचं तंत्र मित्सुबिशीकडून घेतलं, आणि १९७५ साली ‘पोनी’ तयार केली. लगेच १९७६ साली ती इक्वेडोरला पाठवली. गाडी काही फार चांगली होती अशातला भाग नाही. पण पाठवावीच लागली, कारण स्वस्त कर्ज निर्यातीच्या आकड्याशी बांधलेलं होतं. निर्यातीची ऑर्डर दाखवा, कर्ज घ्या. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही स्वतः निर्यातीच्या नियमित बैठका घ्यायचे. १९६४ साली कोरियाची निर्यात दहा कोटी डॉलरला पोचली, १९७७ साली एक हजार कोटींना.

१९८६ साली ह्युंदाईची एक्सेल अमेरिकेत उतरली आणि पहिल्याच वर्षी दीड लाखांहून जास्त खपली. मग तक्रारी सुरू झाल्या, टीव्हीवर विनोद व्हायला लागले. ही नामुष्कीच कामाला आली बरं का. घरच्या बाजारात गिऱ्हाइकाला दुसरा पर्याय नसतो, तो मुकाट्याने घेतो. परक्या बाजारातलं गिऱ्हाईक तोंडावर सांगतं की माल वाईट आहे. १९९१ साली ह्युंदाईने स्वतःचं पहिलं इंजिन काढलं. कंपनी निघाल्यापासून चोवीस वर्षांनी!

आणि सरकारने एकट्या ह्युंदाईला दत्तक घेतलं नव्हतं. किया होती, देवू होती. जो मागे पडेल त्याला बुडू दिलं. किया १९९७ मध्ये बुडाली, पुढच्या वर्षी ह्युंदाईने ती घेतली. देवू १९९९ मध्ये कोसळली.

आता प्रोटॉन. १९८३ साली महातिर मोहम्मद यांच्या पुढाकाराने ही सरकारी कंपनी निघाली. मित्सुबिशीचा तीस टक्के वाटा. १९८५ साली ‘सागा’ रस्त्यावर आली. इतरांच्या गाड्यांवर जबर कर बसवून प्रोटॉनला जपलं, पण तिच्यावर निर्यातीची सक्ती नव्हती आणि सुरुवातीची कित्येक वर्षं तोडीस तोड देशी स्पर्धकही नव्हता. घरच्या बाजारात ती राजाच होती. स्वतःचं इंजिन यायला २००४ साल उजाडलं. २०१७ साली चीनच्या जीलीने तिचा ४९.९ टक्के हिस्सा घेतला. संरक्षण दोघींनाही मिळालं होतं. एकीकडून त्याची वसुली झाली, दुसरीकडून झाली नाही. हीच ती ‘निर्यातीची शिस्त’. इथपर्यंत आम्ही लेखकाबरोबर आहोत.

मग मतभेद कुठे? तीन ठिकाणी.

पहिला मुद्दा, छडी कुणाच्या हातात होती. शिस्त लावायची असं सरकारने ठरवलं आणि लावली, असं पुस्तक वाचताना वाटत राहतं. पण पार्क १९६१ साली लष्करी उठाव करून आले होते. आल्या आल्या त्यांनी बडे व्यापारी भ्रष्टाचाराच्या आरोपाखाली पकडले, आणि मग कारखाने काढण्याच्या अटीवर त्यांच्याशी तडजोड केली. बँका त्याच सुमारास सरकारकडे गेल्या. जमिनीचंही तसंच. जपानमध्ये जमीनवाटप झालं ते अमेरिकी लष्कराच्या अमलाखाली. तैवानमध्ये ते करणारे राज्यकर्ते चीनहून आलेले होते, त्यांचे स्थानिक जमीनदारांशी लागेबांधेच नव्हते. जमीनदारांना दुखवण्याची ताकद त्या सरकारांमध्ये कुठून आली, हा खरा प्रश्न. स्टडवेल त्याला स्पर्श करतात, पण शेवटी हाती देतात ती पाककृतीच.

यात एक माणूस आपल्या ओळखीचा निघतो. वोल्फ लाडेजिन्स्की. जपान आणि तैवानच्या जमीनसुधारणांमागे या अमेरिकी तज्ज्ञाचा मोठा हात होता, आणि स्टडवेल यांना त्यांच्याविषयी आदर आहे. हेच लाडेजिन्स्की आयुष्याच्या शेवटच्या काळात भारतात काम करत होते. १९७२-७३ च्या दुष्काळावर त्यांनी ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त लेख लिहिला, आपल्या महाराष्ट्राच्या दुष्काळावर. कूळकायदा आपल्याकडेही होता; १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कुळं कायद्याने मालक मानली गेली. काही ठिकाणी त्याने खरोखर फरक पडला. पण किती जमिनी त्याआधीच ‘स्वतः कसतो’ म्हणून मालकांनी परत घेतल्या, हे गावोगावच्या जुन्या माणसांना विचारा. तज्ज्ञ तोच असूनही निकाल वेगळा लागला, कारण गावातली सत्ता वेगळी होती.

दुसरा मुद्दा काळाचा. कोरियाला अमेरिकेची बाजारपेठ उघडी मिळाली, कारण शीतयुद्धात तो आघाडीवरचा मित्र होता. व्हिएतनाम युद्धात त्याने सैन्य पाठवलं, आणि ह्युंदाईच्या बांधकाम कंपनीला आग्नेय आशियात कंत्राटं मिळाली. पोहांगच्या पोलाद कारखान्याला परदेशी कर्ज देणाऱ्यांनी नकार दिला, तेव्हा जपानकडून १९६५ च्या करारानंतर आलेला पैसा वापरला. आज ही सोय कुणाला आहे? १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली. तेव्हापासून ‘एवढे टक्के भाग देशीच वापरा’ ही अट आणि निर्यातीशी बांधलेलं अनुदान, दोन्ही नियमात बसवणं कठीण.

व्हिएतनामचं पाहा. तो २००७ साली या संघटनेत गेला. २००९ पासून सॅमसंग बाक निन्ह प्रांतात फोन बनवते आहे, २०१४ पासून थाय गुयेनमध्येही. व्हिएतनामची निर्यात भरघोस आहे, पण तिचा सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा परदेशी कंपन्यांचा. निर्यातीच्या परीक्षेत पास, पण इंजिन कुणाचं, या प्रश्नाला उत्तर अजून मिळायचंय. व्हिएतनामने पाककृती वाचली नाही असं नाही. त्यातलं काही सामान आता बाजारात मिळत नाही.

तिसरा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जमीन, कारखाना, पैसा या तीन पायऱ्यांत कामगाराला पायरी नाही. तो शेतीतून निघतो, कारखान्यात जातो आणि हिशेबात मिसळून जातो. पण शिस्त कंपनीने सोसली म्हणजे नेमकं कुणी सोसली?

१३ नोव्हेंबर १९७०. सोलच्या प्योंगह्वा बाजारात छोट्या छोट्या शिवणकारखान्यांची गर्दी होती. तिथे काम करणाऱ्या बऱ्याचशा कोवळ्या मुली, दिवसच्या दिवस बुटक्या माळ्यांवर बसून शिवायच्या. चॉन ते-इल नावाच्या बावीस वर्षांच्या शिंप्याने त्यांच्यासाठी अर्ज केले, कचेऱ्यांत खेटे घातले. कामगार कायदा होता, तो पाळा एवढंच त्याचं मागणं होतं. कुणी ऐकलं नाही. त्या दिवशी त्याने अंगावर पेट्रोल ओतून पेटवून घेतलं. निर्यातीचे ते आकडे वाचताना हा तरुण आठवला पाहिजे.

१९८७ च्या उन्हाळ्यात लोकशाहीचं आंदोलन जिंकलं आणि त्यापाठोपाठ देशभर संपांची लाट आली. तिची सुरुवात कुठून झाली? उल्सानमधून, ह्युंदाईच्याच कारखान्यांतून. मजुरी भराभर वाढली. आता नीट पाहा : ह्युंदाईचं स्वतःचं इंजिन त्यानंतर चार वर्षांनी आलं. संपामुळेच आलं असं आम्ही म्हणत नाही, इंजिनाचं काम आधीपासून चालू होतं. पण स्वस्त मजुरीवर भागवण्याचा रस्ता बंद झाला, तेव्हा तंत्रावर खर्च करण्याला पर्याय उरला नाही, एवढं म्हणायला जागा आहे. परक्या गिऱ्हाइकाने जशी शिस्त लावली, तशी संघटित कामगारानेही लावली. ही दुसरी शिस्त पुस्तकाच्या आराखड्यात बसत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्याकडे काय झालं? बजाज ऑटोचं उदाहरण जवळचं आहे. पिआज्योच्या परवान्यावर आकुर्डीत स्कूटर बनू लागली. तो करार १९७१ साली संपला आणि मग चेतक आली. ह्युंदाईची पोनी यायला अजून तीन वर्षं होती. चेतकसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे. कोरियात ‘जास्त बनवा आणि बाहेर विका, नाहीतर कर्ज बंद’ असं सरकार सांगत होतं, तेव्हा आपलं सरकार परवान्यापेक्षा जास्त बनवू देत नव्हतं. १९९३ साली जे उद्योगपती परदेशी कंपन्यांपासून सांभाळून घ्या म्हणत होते, ज्यांना ‘बॉम्बे क्लब’ म्हटलं गेलं, त्यांत राहुल बजाज पुढे होते. आणि पुढे त्यांचीच कंपनी आफ्रिकेपासून लॅटिन अमेरिकेपर्यंत दुचाकी विकायला लागली. कुवत होती, वसुली उशिरा झाली. तिकडे ह्युंदाईने २०२३ मध्ये तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार केला.

२०२० पासून आपल्याकडे उत्पादन संलग्न प्रोत्साहन योजना, म्हणजे पीएलआय, चालू आहे. चौदा क्षेत्रं, जवळजवळ दोन लाख कोटींची तरतूद. पैसे मिळतात ते वाढीव विक्रीवर. स्टडवेल यांच्या कसोटीवर विचारायचं तर, ही विक्री कुणाला, आणि अपयशी ठरणाऱ्याचं काय करणार? आमच्या कसोटीवर आणखी एक प्रश्न वाढतो. कारखान्यात उभा असलेला माणूस कंत्राटी असेल, दर काही महिन्यांनी बदलला जात असेल, तर ह्युंदाईने चोवीस वर्षांत जे शिकून घेतलं, ते आपल्याकडे कुणाच्या हातात साठणार?

पुस्तक जरूर वाचा. ह्युंदाई आणि प्रोटॉनचा भाग दोनदा वाचा. आणि जिथे ‘शिस्त’ हा शब्द येईल तिथे पेन्सिलीने समासात लिहा : कुणी लावली, कुणी सोसली. पुढच्या वेळी तैवानच्या लहान कारखानदारांकडे जाऊ. तिथे ह्युंदाईसारखा एक मोठा नाही, हजारो छोटे आहेत, आणि म्हणून हाच प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहतो. आज इथेच थांबतो.