'चांदवडची शिदोरी' आणि शेतमजूर स्त्री : एक चिकित्सा

प्रस्तावना
नाशिक जिल्ह्यातील चांदवड हे मुंबई-आग्रा महामार्गावरील गाव होळकरांचा रंगमहाल आणि रेणुकामातेचे मंदिर यांसाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातील चळवळींच्या इतिहासात मात्र त्याचे स्थान वेगळ्या कारणाने निश्चित झाले. ९ व १० नोव्हेंबर १९८६ रोजी शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन येथे भरले आणि त्यास लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रिया उपस्थित राहिल्या. शरद जोशी यांची 'चांदवडची शिदोरी' ही पुस्तिका म्हणजे या अधिवेशनाची वैचारिक बैठक होय. तिच्यातील श्रमविचार शेतमजूर स्त्रीपर्यंत कितपत पोहोचतो, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पुस्तिकेची मांडणी
स्त्रीचे दास्य निसर्गदत्त नाही आणि केवळ पुरुषाच्या दुष्टाव्याचे फळही नाही, अशी जोशी यांची भूमिका आहे. शेतीत वरकड उत्पन्न निर्माण झाले, त्यासोबत लूट आली. लुटीच्या काळात पुरुषाकडे लढणे आले आणि स्त्रीकडे घर सांभाळणे. ही श्रमविभागणी सक्तीची होती व तिने दोघांचेही माणूसपण उणे केले, असे हे विवेचन सांगते. स्त्रीप्रश्नाला शेतीच्या शोषणाशी जोडणे हे या मांडणीचे मोठे योगदान आहे. मराठीतील स्त्रीमुक्तीची चर्चा तोवर बव्हंशी नागर, सुशिक्षित वर्तुळात होती. ती शेताच्या बांधावर नेण्याचे श्रेय या पुस्तिकेला द्यावेच लागेल.

मर्यादा
तथापि 'शेतकरी स्त्री' ही संज्ञा येथे एकसंध मानली जाते. लूट गावाबाहेरून होते, या गृहीतामुळे गावाच्या आतील विषमता दुय्यम ठरते. कांद्याच्या शेतात ही विषमता सहज दिसते. रोपांची लावणी, काढणी, पात कापणे, प्रतवारी ही वाकून किंवा उकिडवे बसून करावयाची कामे प्रामुख्याने स्त्रियाच करतात. त्यांपैकी एक मालकाच्या घरातील असते, तर दुसरी रोजाने वा उक्त्या कामावर आलेली असते. सुरगाणा, पेठ या आदिवासी तालुक्यांतील मजूर कुटुंबे हंगामात निफाड, दिंडोरीच्या बागायती पट्ट्यात कामाला येतात. त्यांच्या वाट्याला येणारे शोषण बाजारभावातून जसे येते, तसेच भूमिहीनतेतून आणि जातिव्यवस्थेतूनही येते. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना शेतकऱ्याचे दारिद्र्य व जातिसत्ता यांचा एकत्र विचार केला होता. जोशी यांच्या मांडणीत जात मध्यवर्ती राहत नाही.

शेतमालास रास्त भाव मिळाला, की मजुरीही वाढेल, असा युक्तिवाद संघटनेकडून केला जाई. त्यात तथ्यांश आहे. कारण भाव कोसळला, की प्रथम मजुरीवर कात्री चालते. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळातील कांदा निर्यातबंदीने शेतकऱ्याला जसे अडचणीत आणले, तसे त्याच्यावर अवलंबून असलेल्या मजुरालाही. परंतु भाव पडताच मजुरी कमी होते, म्हणून भाव चढताच ती आपोआप वाढते, असे म्हणता येत नाही. त्यासाठी मजुराजवळ सौदा करण्याची शक्ती असावी लागते आणि हंगामापुरत्या आलेल्या स्त्रीजवळ नेमकी तीच नसते. किमान वेतन कायदा १९४८ मध्ये आणि समान वेतन कायदा १९७६ मध्ये होऊनही स्त्री व पुरुष यांच्या रोजातील तफावत शेतीतून हटली नाही, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

लक्ष्मीमुक्ती आणि तिच्यापलीकडे
चांदवडनंतर संघटनेने लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमाद्वारे पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला, ही पुढची पावले होत. मात्र ज्या घरात सातबाराच नाही, तेथे या हक्काला आधार उरत नाही. तिचा प्रश्न मजुरीचा, पाळणाघराचा, हंगामातील निवाऱ्याचा आणि मुलांच्या शाळेचा आहे.

दोघींचे हित परस्परविरोधी आहे, असा निष्कर्ष मात्र काढणे घाईचे ठरेल. उत्पादनखर्च काढताना घरच्या श्रमाचे मोल मजुरीच्या दरावरूनच आकारले जाते. म्हणजे मजूर स्त्रीचा रोज कमी धरला, की मालकीणबाईचे बिनमोल कष्टही कागदावर स्वस्त होतात. एकीच्या श्रमाची किंमत दुसरीच्या श्रमाचे माप ठरते. पुस्तिकेतील श्रमविचार पुढे नेला असता, तर तो याच ठिकाणी पोहोचला असता.

समारोप
'चांदवडची शिदोरी'ने शेतकरी स्त्रीच्या कष्टांना विचारविश्वात स्थान दिले. ते मोल कमी लेखता येणार नाही. पण बांधाच्या एका बाजूच्या स्त्रीला जमिनीचा वाटा देऊ पाहणाऱ्या विचाराने दुसऱ्या बाजूच्या स्त्रीला भावाच्या भरवशावर सोडले, ही तिची उणीव आहे. कांद्याच्या भावाच्या प्रत्येक मागणीत मजूर स्त्रीच्या रोजाचा आकडा स्वतंत्रपणे मांडला गेला, तरच चांदवडच्या विचाराची व्याप्ती पूर्ण होईल.