साडेएक्क्याऐंशी टक्के यील्ड, पण कशाचं?

प्रॅक्टिकलच्या जर्नलात शेवटी ‘पर्सेंटेज यील्ड’ अशी ओळ असते. मार्क तिच्यावर, म्हणून सगळ्यांचा जीवही तिच्यातच अडकलेला. माझी तक्रार याच ओळीबद्दल आहे.

नेहमीचाच प्रयोग घेऊ. बेन्झोफिनोनचं सोडियम बोरोहायड्राइडने रिडक्शन करून बेन्झहायड्रॉल बनवायचं. समजा 1.82 ग्रॅम बेन्झोफिनोन घेतलं, म्हणजे 10 मिलिमोल. बोरोहायड्राइड 0.19 ग्रॅम, म्हणजे 5 मिलिमोल. वाळवल्यावर हाती आला 1.50 ग्रॅम पांढरा पदार्थ.

पहिली चूक इथे होते. 5 हे 10 पेक्षा कमी, म्हणून बोरोहायड्राइडला लिमिटिंग रिएजंट ठरवलं, की थिऑरेटिकल यील्ड येतं 0.92 ग्रॅम आणि टक्केवारी 163! पण बोरोहायड्राइडचा एक रेणू चार हायड्राइड देऊ शकतो. त्यातलं थोडं मिथेनॉलशी रिअ‍ॅक्शन होऊन वाया गेलं, तरी ते इथे भरपूर जास्त आहे. लिमिटिंग आहे बेन्झोफिनोन. 10 मिलिमोल बेन्झहायड्रॉल म्हणजे 1.84 ग्रॅम. 1.50 भागिले 1.84, गुणिले 100, उत्तर 81.5 टक्के.

ही चूक निदान दिसते तरी, कारण 163 बघून कुणीही थबकेल. दुसरी चूक दिसतच नाही. समजा रिअ‍ॅक्शन झालीच नाही आणि तुम्ही 1.50 ग्रॅम बेन्झोफिनोनच परत गाळून वाळवलंत. टक्केवारी? तीच, 81.5! रिडक्शनमध्ये रेणूत फक्त दोन हायड्रोजन वाढतात, म्हणजे वजनात जेमतेम 1.1 टक्के फरक. तराजूला तो कळणार कसा? निम्मं बेन्झोफिनोन तसंच उरलं असेल, तर खरं यील्ड 41 च्या आसपास. जर्नलात मात्र 81.5 आणि खाली सही.

फरक कळतो मेल्टिंग पॉइंटवरून. बेन्झोफिनोन 48 अंशांच्या आसपास वितळतं, बेन्झहायड्रॉल 65 च्या पुढे. मिश्रण असेल तर आधीपासूनच, रेंगाळत वितळायला लागतं. आयआरमध्ये 1660 जवळचा कार्बोनिलचा पट्टा गेलेला आणि 3300 जवळ ओएचचा रुंद पट्टा आलेला दिसायला हवा.

म्हणून जर्नल तपासणाऱ्यांना विनंती आहे, की मेल्टिंग पॉइंट लिहिलेला नसेल तर यील्डचे मार्क देऊ नका. आणि तुम्ही प्रयोग करणार असाल, तर कॅल्क्युलेटर जरा उशिरा काढा. नीट वितळणाऱ्या पदार्थाचं 60 टक्के यील्ड आलं, तरी ते बिनधास्त लिहा.