घरी परतलेला प्रवासी

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मोठा चमत्कारिक आहे. त्याला आरंभ असतो, मध्य असतो. परंतु शेवट म्हणून जो दाखविला जातो तो बहुधा शेवट नसतोच. ग्रंथकर्ता निघण्याची तयारी सविस्तर सांगतो, वाटेतील नद्या, धर्मशाळा आणि सोबती ह्यांची हकीकत देतो, आणि घराचा उंबरठा दिसू लागताच लेखणी खाली ठेवितो. जणू घरी पोहोचणे म्हणजे प्रवास संपणे, आणि प्रवास संपणे म्हणजे त्याचा परिणामही संपणे! वस्तुतः जो मनुष्य वर्ष-दोन वर्षे सतत वाटेवर राहिला आहे, त्याची खरी कसोटी उंबरठ्याच्या आतच लागते. पहिले आठ दिवस कौतुकात जातात. नवव्या दिवसापासून घर पूर्ववत् चालू लागते. हा मात्र पूर्ववत् होत नाही. अंथरूण मऊ असते, पण झोप येत नाही. ताटात आवडीचे पदार्थ असतात, पण ती भूक नसते. ज्या घरासाठी वाटेवर जीव तळमळला, त्याच घरात बसून तो वाटेसाठी तळमळू लागतो. आणि हे बोलून दाखविण्याचीही चोरी! कारण ऐकणारा लगेच म्हणणार, ‘म्हणजे आम्ही तुला नकोसे झालो की काय?’

ह्या अवस्थेस आपल्या भाषेत नाव नाही. घराची ओढ आपणांस ठाऊक आहे. माहेरच्या ओढीने तर आपले अर्धे लोकवाङ्मय भिजले आहे. तीर्थावळीच्या अभंगांत ज्ञानदेवांबरोबर यात्रेस निघालेल्या नामदेवांचा जीव पंढरीसाठी कासावीस होतो, तेही आपण समजू शकतो. परंतु घरी बसून वाटेची ओढ लागणे ही गोष्ट आपण चंचलपणात जमा करितो, किंवा कृतघ्नपणात. थोर ग्रंथकारांनी हिची दखल कशी घेतली आणि मराठी प्रवासवर्णनाने ती का घेतली नाही, ह्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम होमर. ‘ओडिसी’ हे परत येण्याचे महाकाव्य आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. दहा वर्षे युद्धात आणि दहा वर्षे भटकण्यात घालवून ओडिसियस इथाकेच्या किनाऱ्यास लागतो. परंतु लागतो तो झोपेत, आणि जागा झाल्यावर आपलाच देश त्यास ओळखू येत नाही. कवीने ह्यास देवतेने पसरविलेल्या धुक्याचे कारण दिले आहे; परंतु दीर्घ प्रवासाहून परतलेल्या कोणत्याही माणसास त्या धुक्याची ओळख पटेल. ह्याहूनही मार्मिक गोष्ट पुढे आहे. शत्रूंचा निःपात होऊन पतिपत्नींची भेट होते, त्याच रात्री ओडिसियस पेनेलपीस सांगतो की, मला पुन्हा जावयाचे आहे. टायरेशियस ह्या द्रष्ट्याने त्यास बजाविलेले असते की, खांद्यावर वल्हे घेऊन समुद्रापासून दूर, इतके दूर जा, की तेथील माणूस त्या वल्ह्यास धान्य उफणण्याचे फावडे समजेल. तेथे ते जमिनीत रोवून वरुणासारख्या त्या समुद्रदेवतेस बळी दे. वीस वर्षे वाट पाहिलेल्या स्त्रीस पहिल्याच रात्री हे ऐकावे लागते. परंतु ती आक्रोश करीत नाही. जे पुढे कळावयाचे ते आताच कळू दे, असे म्हणून ती सर्व विचारून घेते. मग त्याच्या साऱ्या भ्रमणाची कथा ती ऐकते, आणि कथा संपेपर्यंत तिच्या डोळ्यास डोळा लागत नाही. माझ्या मते ‘ओडिसी’ची खरी समाप्ती ह्या ऐकण्यात आहे, बाणांच्या वर्षावात नव्हे.

ह्याच्या अगदी उलट चित्र 1726 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’च्या अखेरीस स्विफ्टने काढिले आहे. शहाण्या घोड्यांच्या देशातून परत आलेला गलिव्हर पत्नीने मिठी मारताच बेशुद्ध पडतो. घरच्या माणसांचा वास त्यास सोसवत नाही. तो दोन तरुण घोडे विकत घेतो आणि रोज निदान चार तास तबेल्यात त्यांच्याशी बोलत बसतो. पुढे कधी पत्नीस आपल्याबरोबर जेवावयास बसू देतो, तेही लांब मेजाच्या दुसऱ्या टोकास, आणि स्वतःच्या नाकात तंबाखूची किंवा सुवासिक पाने कोंबून! हा विनोद पोरांना हसविण्यासाठी नाही. प्रवासाचे वेड अहंकारात परिणत झाले म्हणजे काय होते ते येथे दिसते. दूरदेशी जे पाहिले ते इतके मोठे वाटू लागते, की जवळची माणसे क्षुद्र दिसू लागतात. आणि मग मनुष्य घरात राहूनही तबेल्यात राहतो.

टेनिसनने 1833 साली ‘युलिसिस’ ही कविता लिहिली. ती 1842 साली प्रसिद्ध झाली. होमरच्याच नायकास त्याने वृद्धपणी पुन्हा समुद्राकडे पाठविले. ह्या कवितेचे तेज नाकारता येत नाही, आणि कॉलेजांतील अनेक पिढ्यांनी ती पाठ करून स्फूर्ती घेतली आहे. परंतु तिचे मोल कोणी दिले आहे? पेनेलपीचा उल्लेख येथे तिच्या वार्धक्यापुरताच येतो. तिचे नावही येत नाही. मुलाची वाखाणणी होते, परंतु एखाद्या प्रामाणिक कारकुनाची व्हावी तशी. वाटेची ओढ उदात्त ठरविण्यासाठी कवीस घर लहान करावे लागले. स्विफ्टने ज्याची टर उडविली तेच टेनिसनने वीररसात न्हाऊ घातले, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

काव्य बाजूस ठेवून खऱ्या माणसाकडे वळू. इब्न बतूता 1325 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, टँजिअरहून निघाला. दिल्लीस तो काझी होता, आपले दौलताबादही त्याने पाहिले. 1349 साली तो मोरोक्कोत परत आला तेव्हा वडील पूर्वीच वारले होते, आणि आई काही महिन्यांपूर्वी प्लेगने गेली होती. थोड्याच अवधीत तो पुन्हा निघाला. प्रथम स्पेनकडे, नंतर सहारा ओलांडून मालीच्या राज्यात. ह्यास चंचलपणा म्हणणे सोपे आहे. परंतु चोवीस वर्षे ज्या घराची आठवण बाळगली ते घर आठवणीतच होते, प्रत्यक्षात नव्हते, हे कळल्यावर मनुष्याने कोठे बसावे? शेवटी सुलतानाने त्यास आपली हकीकत सांगावयास लावून ती एका विद्वानाकडून लिहून घेतली. 1355 साली तो ग्रंथ पुरा झाला. त्यानंतर त्याने मोठा प्रवास केल्याचे आढळत नाही.

आता आपल्या घरात येऊ. मराठीतील आद्य प्रवासवर्णनांत ज्याची गणना होते तो विष्णुभट गोडसे ह्यांचा ‘माझा प्रवास’ घ्या. पेणजवळच्या वरसई गावचा हा गरीब भिक्षुक 1857 साली काकांबरोबर उत्तरेस निघाला, तो बायजाबाई शिंदे ह्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून. वाटेत बंडाच्या वणव्यात सापडला; झाशीचा वेढा आणि कत्तल त्याने डोळ्यांनी पाहिली; मिळालेले द्रव्य लुटीत गेले; आणि अखेरीस गंगेची कावड घेऊन तो घरी आला व आईबापांस त्याने गंगास्नान घातले. हा वृत्तान्त त्याने लिहिला सुमारे पंचवीस वर्षांनंतर, चिंतामणराव वैद्य ह्यांच्या आग्रहावरून. वैद्यांनी संस्कार केलेली आवृत्ती 1907 साली निघाली. मूळ संहिता दत्तो वामन पोतदार ह्यांनी 1966 साली प्रकाशात आणिली.

ह्या ग्रंथाची इतिहासाच्या दृष्टीने पुष्कळ चिकित्सा झाली आहे. मला तो दुसऱ्याच कारणाने महत्त्वाचा वाटतो. काल्पीकडच्या वाटेवर, एका विहिरीपाशी, धुळीने माखलेली, तहानलेली झाशीची राणी ह्या भटजींस भेटते. ते पाणी काढून देऊ लागतात, तर ती त्यांस काढू देत नाही. आपण विद्वान ब्राह्मण आहात असे म्हणून स्वतःच पाणी काढिते. हा प्रसंग राजवाड्यात घडू शकला नसता, आणि वरसईतही नाही. वाटेवर राणीचे राज्य गेलेले असते, भिक्षुकाचे कर्ज शेकडो कोस मागे राहिलेले असते. विहिरीवर दोन तहानलेली माणसे तेवढी उरतात. दीर्घ प्रवासाहून परतलेला मनुष्य ज्यासाठी झुरतो ते हेच. तो ताजमहालासाठी किंवा हिमशिखरांसाठी झुरत नाही; ती चित्रातही पाहता येतात. वाटेवर दिवसाचा हेतू लहान आणि पुरा असतो: सूर्यास्तापूर्वी पुढचा मुक्काम गाठावयाचा. तो गाठला की दिवस सार्थकी लागला. सामान पाठीवर मावेल एवढेच. आणि समोरचा मनुष्य आपणांस आज जसे आहो तसे पाहतो. कोणाचा पुत्र, कोणाचा ऋणको, कोणत्या परीक्षेत नापास झालेला, हे त्यास ठाऊक नसते. घरी आल्यावर हे तिन्ही लाभ एकदम जातात. घरातील कामे कधीच पुरी होत नाहीत, सामानास अंत नसतो, आणि घरची माणसे आपणांस इतकी ओळखतात की आज आपण कोण झालो आहो हे त्यांस दिसत नाही.

गोडशांच्या ग्रंथात परत आल्यानंतरच्या वर्षांविषयी, प्रवासाच्या मानाने, फारच थोडे आहे. ज्याने राणीची दिनचर्या, वेढ्यातील दिवस, लुटीची दहशत इतक्या बारकाईने सांगितली, त्याने गंगाजल रिते झाल्यावर ती कावड कोठे ठेविली, तिच्याकडे पाहून त्यास काय वाटले, ह्याबद्दल काही सांगावे अशी आपली अपेक्षा असते. परंतु पाव शतकानंतरही ज्या मनात त्या वाटेचा एकेक मुक्काम ताजा होता, त्या मनातून ती वाट गेलेली नव्हती, एवढे अनुमान करण्यास हरकत नाही. हा ग्रंथकाराचा दोष म्हणता येणार नाही. त्याच्या पुढे जो प्रश्न ठेविला गेला तो बंडाचा होता, परतण्याचा नव्हता. दोष आहे तो पुढच्या मराठी प्रवासवर्णनाचा. साधने वाढली, देश वाढले, शैली खेळकर झाली. परंतु माझ्या वाचनातील बहुतेक पुस्तके अजून त्याच उंबरठ्यावर थांबतात.

ह्या प्रश्नाची दुसरी बाजू मात्र मराठीत एका स्त्रीने अपूर्व रीतीने लिहून ठेविली आहे. 1934 पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाई टिळकांनी न सांगता घराबाहेर पडणाऱ्या, पुन्हा येणाऱ्या, पुन्हा जाणाऱ्या पतीबरोबरचा संसार रंगविला आहे. येथे घर लहान झालेले नाही. जाणाऱ्याचे मोठेपण त्यांस कळते, आणि त्या मोठेपणाची किंमत रोज कोणास द्यावी लागते हेही त्या हसत हसत सांगतात. टेनिसनच्या नायिकेस बोलता आले असते तर ती काय बोलली असती, ह्याचे उत्तर ह्या पुस्तकात आहे. वाटेच्या ओढीविषयी ज्यास लिहावयाचे असेल त्याने हे पुस्तक आधी वाचावे. म्हणजे तो गलिव्हरच्या तबेल्यात जाण्यापासून वाचेल.

ग्रंथकारांनी जे लिहिले नाही ते आपल्या जुन्या चालीरीतींस मात्र कळले होते, असे दिसते. काशीयात्रेहून आलेल्या माणसाने मावंदे घालावयाचे असते. आज आपण त्यास एक जेवणावळ समजतो. परंतु यात्रेहून आलेला मनुष्य एकाएकी घरात विरघळत नाही, गावाने त्यास भेटावे, गंगाजल वाटून घ्यावे, त्याची हकीकत ऐकावी, आणि मग त्याने रोजच्या व्यवहारास लागावे, अशी व्यवस्थाही तीत आहे. परतणे हाही एक मुक्काम आहे, हे त्या चालीस ठाऊक होते. वारीने तर ह्याहून पुढचा उपाय योजिला. वारकरी पंढरीहून परततो तो प्रवास संपवून नव्हे. पुढल्या आषाढीचे निघणे त्याच्या परतण्यात आधीच असते. त्याच्या नावातच पुनःपुन्हा जाणे आहे. म्हणून त्याचे घर आणि त्याची वाट एकमेकींच्या सवती होत नाहीत.

परंतु आजचा प्रवासी मावंदे घालीत नाही, आणि प्रत्येकाची वाट वर्षाने फिरून येत नाही. कोणी परदेशी शिक्षणास जातो, कोणी जहाजावर नोकरीस, कोणी नर्मदा-परिक्रमेस. आता प्रवासातील छायाचित्रे घरी त्याच दिवशी पोहोचतात. त्यामुळे घरच्यांस वाटते की सर्व कळले, विचारावयाचे काही उरले नाही. येथेच अनर्थ होतो. पेनेलपीने त्याच रात्री विचारले. इब्न बतूतास सुलतानाने विचारले. विष्णुभटांस विचारणारा भेटेपर्यंत पाव शतक जावे लागले. जो परत आला आहे त्यास वाटेवर परत पाठविणे प्रत्येक घरास शक्य नसते, आणि इष्टही नसते. परंतु तो खिडकीशी गप्प उभा असेल तर त्यास कृतघ्न न समजता, ‘मग पुढे काय झाले?’ एवढे विचारणे शक्य असते. आणि लेखकांकडे मागणे हे की, त्यांनी उंबरठ्यावर लेखणी ठेवू नये. आणखी एक प्रकरण लिहावे. त्यात प्रेक्षणीय स्थळ एकही नसेल, अंतर ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंतचेच असेल. परंतु प्रवासाने माणसाचे काय केले, हे वाचकास त्याच प्रकरणात कळेल.