आधी जिना, मग सायकल

दक्षिण फ्रान्समधल्या इएर गावी १९३२ साली आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांनी टिपलेलं हे कृष्णधवल छायाचित्र. कॅमेरा वर, जिन्याच्या माथ्याशी. लोखंडी कठडा आणि पायऱ्या गोल वळण घेत खाली उतरतात. खालच्या रस्त्याची कडही त्याच डौलात वाकते. आणि वर डाव्या बाजूला, चौकटीबाहेर निसटण्याच्या बेतात, एक सायकलस्वार. पायऱ्या न् कठडा रेखीव, तो मात्र पुसट.

हा डोळा चित्रकाराचा आहे. तरुण ब्रेसाँ पॅरिसमध्ये आंद्रे लोत यांच्याकडे चित्रकला शिकले होते. लोत घनवादी वळणाचे. चित्राची रचना भूमितीवर तोलायची, ही त्यांची शिस्त. मग ब्रेसाँच्या पाहण्यात मार्टिन मुंकाची यांचं एक छायाचित्र आलं: टांगानिका सरोवराच्या लाटांत धाव घेणारी पाठमोरी तीन मुलं. त्यातल्या उसळत्या जिवंतपणानं ते हलून गेले. हातात मावणारा लायका कॅमेरा घेतला आणि रंग-ब्रश बाजूला पडले.

लोतची शिस्त मात्र सुटली नाही. इएरच्या चित्रात ती कठड्याच्या गजागजात दिसते. जिना कुठे पळून जाणार नव्हता. रेषा जुळवून उभं राहता येत होतं. सायकलस्वारावर बोट ठेवून पाहा. उरेल ते देखणं, पण निपचित रेखाटन. बोट काढा, की सगळी वळणं फिरू लागतात, जणू त्यांनीच त्याला गरगरवत बाहेर भिरकावलंय. त्याचा पुसटपणा मला या चित्राचा प्राण वाटतो. स्टुडिओत बसून असा सायकलस्वार रंगवता आला असता. तो असा अवचित भेटला नसता. चित्रकाराला कॅमेऱ्याची ओढ का लागावी, याचं उत्तर या भेटीत आहे.

पुढे १९४७ मध्ये 'मॅग्नम' या छायाचित्रकारांच्या संस्थेची स्थापना, १९४८ मध्ये दिल्लीत गांधीजींच्या अंत्ययात्रेची छायाचित्रं, असा मोठा प्रवास झाला. सत्तरच्या दशकात ब्रेसाँ पुन्हा रेखाटनाकडे वळले. 'निर्णायक क्षण' हे शब्द त्यांच्या नावाला कायमचे चिकटले आणि त्यात एक नुकसान झालं: लोक क्षणाचं कौतुक करतात, त्या क्षणासाठी मांडून ठेवलेली चौकट पाहतच नाहीत.

म्हणून हे छायाचित्र मोबाइलवर उरकू नका. एखाद्या चांगल्या छापील पुस्तकात शोधा, जिन्यावरून नजरेनं सावकाश उतरा आणि सायकलस्वाराकडे सगळ्यात शेवटी या.