निष्ठेचा दाखला

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला, तो बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना. फोंडाघाटात वर्गात हे सांगताच एकाने मुसलमान सोबत्याला विचारले, “तुमच्यातलोच मां तो?”

कुलाब्याचे त्यांनी रायगड केले, तेव्हा ते ‘आपले’. सिमेंट प्रकरणी उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये गेले, तेव्हा ‘त्यांचे’. सत्ताधाऱ्यावर टीका हवीच. पण हिंदू मंत्री पडला तर माणूस पडतो. मुसलमान पडला तर जमात आरोपी होते.

ही भाषा आम्हा बौद्धांच्या परिचयाची आहे. १९९० पर्यंत बौद्ध म्हणवणाऱ्याला अनुसूचित जातींच्या राखीव जागेवर उभेच राहता येत नव्हते. मत द्यायला नागरिक, खुर्चीवर बसायला मात्र दाखला! ही लोकशाही नव्हे, बहुसंख्याकांची मेहेरबानी आहे.